करणाऱ्याचा रकाना

मे महिन्यात ब्रह्मपुरीकडे दुपारी बारा ते चार कुत्रंही रस्ता ओलांडत नाही. त्या चार तासांत मनकर्णा दोनाडकर तीन वेळा ओसरीवर यायची, आढ्याला टांगलेल्या एका झाडावर फवारणीच्या बाटलीनं पाणी मारायची आणि परत आत जायची. झाड म्हणजे तरी काय, सागाच्या पट्ट्यांची एक चौकोनी टोपली, तीत कोळशाचे तुकडे, मधोमध पट्ट्यासारखी आठ-दहा पानं आणि खाली हवेत लोंबणाऱ्या जाड पांढरट मुळ्या. माती नाही, फूल नाही. सात उन्हाळे हे असंच चाललं होतं.

गाव त्याला बांडगूळ म्हणे. गाव ब्रह्मपुरीपासून चार किलोमीटरवर, भोवताली सगळी धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं. तिथं झाडावर बसलेली कुठलीही परकी पालवी म्हणजे बांडगूळच. शेजारचा डोमा तर कुंपणाशी बिडी पेटवायला थांबला की हमखास म्हणायचा, "मुखरूभाऊ, लोक बांडगूळ तोडून फेकते, अन् तुमी त्याले पोसून राह्यले."

मनकर्णाचा नवरा मुखरू दरवेळी तेवढ्याच सबुरीनं सांगायचा की बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून त्याचा रस पितं. हे ऑर्किड. हे झाडावर नुसतं बसतं, पाणी हवेतून घेतं आणि आपलं आपण कमावून खातं. डोमाला ते पटत नसे. सात वर्षांत एक फूल न देणारी वस्तू काय कमावते, असं तो विचारी.

मुखरू ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता. बारावीनंतर शिक्षण सुटलं, बापाची जमीन तीन भावांत वाटली गेली आणि हा सायकलवरून कॉलेजात जाऊ लागला. कामं ठरलेली: काचसामान धुणं, सूक्ष्मदर्शक पुसून ठेवणं, प्रात्यक्षिकाआधी टेबलावर नमुने मांडणं. पण त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं. त्यामुळे विभागातल्या सगळ्या बरण्यांच्या चिठ्ठ्या आणि सगळ्या नोंदवह्या हळूहळू त्याच्याकडे आल्या. पाहुणे आले की विभागप्रमुख डॉ. गुणवंतराव बोरकुटे कपाट उघडून वही दाखवत आणि म्हणत, "आमच्या मुखरूचं अक्षर."

बोरकुटे सरांना एकदा ऑर्किडच्या संशोधनासाठी सरकारी अनुदान मिळालं. निर्जंतुक हवेची काचेची पेटी आली, कुकरसारखं मोठं यंत्र आलं, बंगलोरहून संकरित वांडा जातीची जांभळी ऑर्किडं आली. परागीभवन करायचं, शेंग धरवायची, शेंगेतलं धुळीसारखं बी बाटलीतल्या अगार नावाच्या जेलीवर पेरायचं, असा तो प्रकल्प. सरांनी दोन-तीनदा करून दाखवलं. नंतर त्यांचा हात थरथरू लागला, बैठका वाढल्या, विद्यापीठाच्या समित्या वाढल्या. काम मुखरूच्या हातात आलं. त्याचा हात थरथरत नव्हता.

फक्त एक नियम सरांनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता. नोंदवहीत पाच रकाने होते: तारीख, मादी झाड, पराग कोणाचा, करणारा, शेरा. चौथ्या रकान्यात नेहमी सरांची आद्याक्षरं, जी.बी., लिहायची. परिचराला ते काम करण्याचा अधिकारच नाही. तपासणी आली आणि तिथं तुझं नाव दिसलं तर अनुदान परत जाईल, तुझ्यावरही येईल, असं त्यांनी समजावून सांगितलं. मुखरूला ते रास्त वाटलं. तो सकाळी सात वाजता पेटीसमोर बसून शंभर बाटल्या भरायचा आणि शंभर चिठ्ठ्यांवर जी.बी. लिहायचा. हाताला वळणच पडलं. घरी लोणच्याच्या बरणीवर महिना लिहितानासुद्धा एकदा पुढे जी.बी. लागून गेलं होतं आणि मनकर्णा हसली होती.

बंगलोरची झाडं इकडच्या उन्हात टिकेनात. दोन हजार पंधराच्या मे महिन्यात कॉलेजला सुट्टी होती, सर मुलाकडे पुण्याला गेले होते, आणि मुखरू एकटा पाणी घालायला यायचा. शेवटचं उरलेलं जांभळं झाड मरता मरता फुलून बसलं होतं. पलीकडच्या खिडकीत मोहाच्या एका मोडक्या फांदीवर जंगलातला वांडा फुलला होता. ती फांदी मुखरूनंच आरमोरीच्या पुढच्या जंगलातून, वादळात पडलेल्या झाडावरून उचलून, गर्दीच्या बसमध्ये मांडीवर धरून आणली होती. तपकिरी चौकटींची, वासाची, चिवट फुलं. सत्तेचाळीस अंश तापमानात ती हसत होती.

दोन्ही फुलं एका वेळी उघडी असण्याचा योग त्याच्या पाहण्यात पहिल्यांदा आला होता. सरांनी असं काही सांगितलं नव्हतं. सरांच्या यादीत जंगली झाड नव्हतंच, ते नुसतं नमुना म्हणून ठेवलेलं. मुखरूनं काडीपेटीतली एक काडी तासली, जांभळ्या फुलातले परागाचे दोन पिवळे दाणे उचलले आणि जंगली फुलाच्या पोटात चिकटवले. एवढंच. दोन मिनिटांचं काम. मग हात धुऊन त्यानं वही उघडली, तारीख लिहिली, मादी झाड लिहिलं, पराग लिहिला, आणि चौथ्या रकान्यात, नेहमीच्याच सुंदर अक्षरात, जी.बी.

फूल गळलं, मागची दांडी फुगली, हिवाळ्यापर्यंत बोटाएवढी शेंग झाली. तिचं बी त्यानं बारा बाटल्यांत पेरलं. पुढच्या वर्षी हिरवे ठिपके आले, ठिपक्यांना पानं फुटली. तेवढ्यात अनुदानाची मुदत संपली. सरांनी अहवाल पाठवला, त्यात या बाटल्या नव्हत्या. त्यांना त्या माहीतच नव्हत्या. पुढे सर निवृत्त झाले, आणि नव्या प्रमुखांनी कपाटं रिकामी करून बाटल्या धुऊन टाकायला सांगितलं.

मुखरूनं चार बाटल्या धुतल्या नाहीत. विचारून, रीतसर, घरी नेल्या.

एकोणीस रोपं निघाली. पहिल्या उन्हाळ्यात अकरा गेली, दुसऱ्यात पाच, माकडानं दोन उपटली. चौथ्या वर्षी एकच उरलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात ओसरीला हिरवी जाळी लागली होती आणि दुपारची पाळी सुरू झाली होती. मुखरू सकाळी साडेनऊला निघायचा आणि संध्याकाळी सहाला परतायचा. मधला वेळ मनकर्णाचा. ती बांधीत कामाला गेली की बाटली सासूकडे देऊन जायची, सासू वारल्यावर बांधीतून घरी येऊन जायची. बोअरचं पाणी जड, पानांवर पांढरे डाग धरतं, हे तिनंच आधी पाहिलं आणि ती आंब्याखालच्या विहिरीचं पाणी वापरू लागली. आठवड्यातून एकदा तांदळाचं धुवण. भावाच्या मुलीच्या लग्नाला गडचिरोलीला गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी परत आली. बहिणीनं टोमणा मारला की तुले लेकरू लहान आहे का घरी.

दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत पानाच्या बेचक्यातून एक हिरवी दांडी निघाली. मुळी वर वळते आहे असं आधी वाटलं. मग तिच्यावर गाठी दिसल्या. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली कळी उघडली आणि चार दिवसांत नऊ फुलं लागली.

रंग जांभळा, पण त्या जांभळ्यावर जंगलातल्या आईच्या चौकटी उमटलेल्या, ओठासारखी खालची पाकळी गर्द निळी, आणि वास सकाळी अंगणाच्या फाटकापर्यंत येणारा. डोमानं बिडी विझवून पाहिलं आणि तो पहिल्यांदाच कुंपणाच्या आत आला.

मुखरूनं मोबाइलवर फोटो काढून कॉलेजात पुनम मॅडमना दाखवला. पुनम मॅडम तासिका तत्त्वावर शिकवायच्या. दर जूनला नवा आदेश निघाला तर नोकरी, नाहीतर नाही. हुशार आणि सरळ बाई. फोटो पाहून त्या खुर्चीतून उठल्या. असा संकर आधी कोणी केला आहे का, ते त्यांनी दोन रात्री शोधलं. कोणी केलेला नव्हता. त्यांनी मुखरूला सांगितलं की जगातल्या ऑर्किडच्या संकरांची एक नोंद परदेशात ठेवली जाते. कोणीही अर्ज करू शकतो. त्यात संकर करणाऱ्याचं नाव कायमचं राहतं, आणि संकराला काय म्हणायचं ते करणारा ठरवतो.

"काय नाव द्यायचं, मुखरूभाऊ?"

मुखरूनं खाली पाहिलं. त्याच्या नावाला कॉलेजातली पोरं आयुष्यभर हसली होती. मुखरू, डोमा, सुकलू ही आता म्हाताऱ्यांची नावं. हजेरीपटावर एक सापडायचं नाही. मग तो म्हणाला, "मुखरूच राहू द्या ना, मॅडम."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. त्या दिवशी सायकलवरून घरी येताना मुखरूनं दोनदा थांबून पाणी प्यायलं. तहान लागली नव्हती.

अर्जात संकराची तारीख हवी होती. पुनम मॅडम कामाला चोख, अंदाजे लिहिणं त्यांना जमलं नाही. त्यांनी जुन्या कपाटातून नोंदवही काढली. तारीख सापडली. पुढचा रकानाही सापडला. तो वाचून त्यांनी मुखरूला बोलावलं, मुखरूनं हसत सगळी हकिकत सांगितली, तेव्हा ते हसण्यासारखंच वाटत होतं. तरी रीत म्हणून बोरकुटे सरांना एक फोन करून घेते, असं मॅडम म्हणाल्या. सर आता संस्थेच्या कार्यकारिणीवर होते. त्यांना आनंदच होईल, असं मुखरूलाही वाटलं.

सरांना आनंद झाला. रविवारी सकाळी ते स्वतःची गाडी घेऊन, मॅडमना सोबत घेऊन मुखरूच्या घरी आले. त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच. मनकर्णानं नवी चादर खाटेवर टाकली, चहा ठेवला. सर फुलांपुढे बराच वेळ उभे राहिले, चष्मा काढून वास घेतला, निरनिराळ्या बाजूंनी फोटो काढले. मग प्लास्टिकच्या खुर्चीत बसले.

"मुखरू, हे आपल्या प्रोजेक्टमधलंच ना रे?"

"हो जी, सर. त्याच बाटल्या."

"बाटलीवर काय होतं?"

"जी.बी."

"आणि वहीत?"

"जी.बी.च आहे, सर."

"अक्षर कोणाचं?"

मुखरू अजून हसतच होता. "माझंच जी."

पुनम मॅडमनी कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या की त्या मे महिन्यात सर पुण्याला होते, सुट्टी होती, मुखरूभाऊंनी स्वतःच्या मनानं हा संकर केला असं ते सांगतात.

सर रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. त्यांनी मुखरूकडे पाहून, वर्गात एखादी गोष्ट समजावून सांगावी तशी सांगितली. "असेन मी पुण्याला. मग दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, मी तुला फोनवर सांगितलं आणि तू माझ्या सांगण्यावरून केलंस. दोन, सरकारी अनुदानाच्या वहीत तू माझ्या नावानं खोटी नोंद केलीस. किती राहिले रे तुझे निवृत्तीला?"

"पंधरा महिने."

"हं. पेन्शनचे कागद सुरू झाले असतील."

माशी कपावर बसली, उठली. असा फोन कधी आला नव्हता. मुखरूला त्या महिन्यातला एकेक दिवस आठवत होता, ती तासलेली काडीसुद्धा आठवत होती. त्यानं मॅडमकडे पाहिलं. मॅडम स्वतःच्या बोटांकडे पाहत होत्या. जून अडीच महिन्यांवर होता.

"तुमीच सांगतलं असन जी फोनवर," मुखरू म्हणाला. "आता आठोते मले."

सरांनी मान हलवली. चहा संपवला. फुलाला नातीचं नाव द्यावं असं त्यांच्या मनात आहे, दिव्यानी, ती यंदा दहावीला आहे, असं त्यांनी मॅडमना सांगितलं. निघताना मुखरूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की हे झाड या उन्हात जगवलंस हे काही कमी नाही. मनकर्णा दाराच्या चौकटीत उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. रिकामे कप उचलून ती आत गेली.

सप्टेंबरात प्रमाणपत्र आलं. वांडा दिव्यानी, संकर करणारे, जी. बोरकुटे. संस्थेनं चौकट करून घेतली आणि विभागाच्या भिंतीवर लावायचं ठरलं. भिंतीला खिळा ठोकणं हे परिचराचं काम. मुखरूनं स्टुलावर चढून खिळा ठोकला, चौकट टांगली, खाली उतरून पाहिली. डावीकडे किंचित कलली होती. तो पुन्हा चढला आणि त्यानं ती सरळ केली.

त्या दिवशी तो घरी येऊन ओसरीवर बसला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याबद्दल बोलला. मनकर्णा सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तो बोलतच राहिला. पहाटेच्या बाटल्या कोणी भरल्या, काडी कोणी तासली, बसमध्ये फांदी मांडीवर कोणी धरली. एका माणसानं नुसती सही द्यायची आणि दुसऱ्यानं जन्मभर राबायचं, आणि शेवटी नाव कोणाचं? ज्यानं एक थेंब पाणी घातलं नाही त्याचं.

मनकर्णाचा हात सुपात थांबला.

"तुमी काय नाव सांगतलं होतं मॅडमले?"

"कवा?"

"पयले. सर याच्या आंधी. मॅडमनं इचारलं तवा."

मुखरू अडखळला. मग म्हणाला, "मुखरू."

मनकर्णानं दोन खडे निवडून अंगणात टाकले. "दुपारी तीन-तीन डाव पाणी कोण मारे? इहिरीचं पाणी कोण आणे? बारश्याले, लग्नाले, मयतीले कोण नाई गेलं? तुमी त झाडाले पाव्हण्यासारखे सकाळ-संध्याकाळ भेटे." तिचा आवाज चढला नव्हता. "त्या सरनं तुमाले एक डाव तरी इचारलं, अक्षर कोणाचं म्हणून. तुमी मले काय इचारलं?"

मॅडमनी विचारलं तेव्हा मुखरूच्या मनात दुसरं नाव आलंच नव्हतं. आलं असतं आणि त्यानं बाजूला सारलं असतं, तरी त्याला आत्ता बरं वाटलं असतं. मनकर्णा सूप घेऊन आत गेली. स्वयंपाक झाला, जेवणं झाली. तिनं त्याला नेहमीसारखी दुसऱ्यांदा भाजी वाढली.

पावसाळ्यात आणि थंडीत ऑर्किडला कोणाची गरज लागत नाही. फेब्रुवारीत पुन्हा दांडी आली, पुन्हा फुलं आली. मुखरूनं टोपली फिरवून फुलांचं तोंड भिंतीकडे केलं. मनकर्णानं ती पुन्हा सरळ केली नाही. मार्चअखेर फुलं गळली.

एप्रिलपासून ऊन चढलं. मुखरू सकाळी निघण्याआधी झाडावर पाणी मारायचा आणि संध्याकाळी आल्यावर मारायचा. बाटली तो ओसरीच्या कोनाड्यात, तिच्या हाताशी येईल अशी ठेवायचा. संध्याकाळी बाटली सकाळी ठेवली तितकीच भरलेली असायची. त्यानं एकदाही म्हटलं नाही की दुपारचं पाणी मार. म्हणायला काय लागतं, असं त्याला रोज कॉलेजच्या वाटेवर वाटायचं, आणि घर दिसलं की जीभ उचलायची नाही. दुपारी ती आत पंख्याखाली पडून राहायची. साठीकडे झुकलेल्या बाईनं उन्हाच्या वेळी पडून राहू नये, असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पानं दुमडली. मग मुळ्या वाळून सुतळीसारख्या झाल्या. मुखरूनं दोन दिवसांची रजा टाकून ओली पोती बांधून पाहिली. उशीर झाला होता. एक दिवस डोमानं कुंपणावरून पाहिलं आणि तो नुसताच, "गेलं वाटते," म्हणाला. बांडगूळ म्हणाला नाही.

तीस जूनला मुखरू निवृत्त झाला. विभागात निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. शाल, नारळ, पेढे. बोरकुटे सर अध्यक्ष म्हणून आले. भाषणात त्यांनी त्याच्या अक्षराचं कौतुक केलं, इतक्या वर्षांत एका नोंदीत खाडाखोड नाही असं सांगितलं, मागच्या चौकटीकडे हात केला. टाळ्या झाल्या. पुनम मॅडमचा आदेश त्याच आठवड्यात निघाला होता. त्या दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या.

चहाच्या वेळी सरांनी मुखरूला बाजूला घेतलं. कॉलेजात ऑर्किडसाठी एक जाळीची खोली बांधायची आहे, म्हणाले. ते झाड आता विभागात आणून ठेव, एवढं मोठं नाव लागलेलं झाड खेड्यात ओसरीवर टांगून काय उपयोग.

"नाई राह्यलं जी ते," मुखरू म्हणाला.

"म्हणजे? आठ वर्षं जगवलंस की तू ते."

मुखरूनं शालीची घडी नीट केली.

"मी नाई जगोलं, सर. दुपारी घरची बाई पाणी मारे. यंदा तिनं नाई मारलं."

सरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ते पेढा घेऊन पुढे गेले.

मुखरू शाल-नारळ सायकलच्या हँडलला लावून घरी आला. मनकर्णानं विचारलं, काय काय बोलले सर. त्यानं अक्षराचं सांगितलं, टाळ्यांचं सांगितलं, नारळ देवाजवळ ठेवला. बाकीचं सांगितलं नाही.